धुळीच्या पाठीवरचे विष

आपण अन्न निवडून खातो आणि पाणी गाळून, उकळून पितो. तांदळातील एखादा खडा दाताखाली येऊ नये म्हणून घरातील गृहिणी चष्मा लावून सूप घेऊन बसते. परंतु ज्या वस्तूवाचून माणसाचे पाच मिनिटेही निभावत नाही, ती हवा मात्र आपण जशी मिळेल तशी घेतो. प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारणपणे दहा ते बारा हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. हवेलाही वजन असते. एवढ्या हवेचे वजन बारा-चौदा किलो भरते. दिवसभराचे अन्न आणि पाणी एका पारड्यात घातले, तरी हवेचे पारडे कितीतरी खाली जाईल.

शहरातील हवा बिघडली आहे, हे आता कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता राहिलेली नाही. पूर्वी वर्तमानपत्रात शहराचे तापमान छापून येई. आता त्याच्या शेजारी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांकही छापून येतो. आकडा चढला की आपण चिंता करतो आणि उतरला की हायसे वाटते. हिवाळ्याच्या दिवसांत हा आकडा बहुधा हवेतील सूक्ष्म धुळीच्या वजनावरून ठरतो. एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे, एवढेच त्यावरून कळते. ती धूळ कशाची आहे आणि तिच्या अंगावर कोणती रसायने बसलेली आहेत, हे त्या आकड्यावरून समजत नाही. आणि वाचकहो, प्रकृतीच्या दृष्टीने पाहता हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

धुळीधुळीतील अंतर

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. रस्त्यावरून मालमोटार गेली की जी माती उडते, तिच्यातील बहुतेक कण दहा मायक्रॉनहून मोठे असतात. ते डोळ्यांत जातात, कपड्यांवर बसतात आणि फार त्रास देतात. परंतु नाकातील केस आणि घशातील ओलसर श्लेष्मा त्यांना अडवून धरतात. शिंकेवाटे, खोकल्यावाटे ते बाहेर पडतात. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासनलिकेत उतरू शकतात. त्यांना शास्त्रज्ञ 'पीएम १०' म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम २.५' असे नाव आहे. केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण ओळीने मावतील.

हे सूक्ष्म कण नाकाच्या आणि घशाच्या पहाऱ्यातून निसटतात आणि फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. मनुष्याच्या फुप्फुसांत असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे शहरातील एखाद्या बेताच्या बिऱ्हाडाएवढी. या ठिकाणी हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी एक मायक्रॉनही नसते. प्राणवायू सहज रक्तात जावा म्हणून निसर्गाने तो इतका पातळ ठेवला. परंतु प्राणवायूसाठी उघडी ठेवलेली ही वाट नको असलेल्या पाहुण्यांनाही उपयोगी पडते. एकदशांश मायक्रॉनहून लहान असे जे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांपैकी काही या पडद्यातून थेट रक्तप्रवाहात शिरतात.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मोठी धूळ बहुधा खणण्याने, कुटण्याने, दळण्याने आणि घासण्याने निर्माण होते. सूक्ष्म धूळ मात्र बहुधा जळण्याने निर्माण होते. कोळसा, डिझेल, लाकूड, शेतातील काड, रस्त्याच्या कडेचा कचरा, यांपैकी काहीही जळले की सूक्ष्म कणांचे लोट उठतात. म्हणून रस्त्यांवर पाण्याचे फवारे मारून उडती माती बसली, तरी जाळ पेटते राहिल्यास सूक्ष्म कणांच्या बाबतीत 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशीच गत होते.

कणाच्या अंगावर काय असते?

स्वयंपाकघरात रोज फोडणी होते. वर्षाअखेरीस वरच्या फळीवर हात फिरवून पाहिले, तर बोटाला चिकट, तेलकट थर लागतो. कढईतून निघालेली तेलाची वाफ थंड होऊन तेथे बसलेली असते. शहराच्या हवेत हीच क्रिया फार मोठ्या प्रमाणावर घडते. भट्टीतून, धुराड्यातून आणि इंजिनातून निघालेल्या कढत वाफा हवेत थंड होतात आणि ज्या कशाचा आधार मिळेल त्यावर थिजतात. काजळीचा सूक्ष्म कण हा असा आधार असतो. वस्तू जितकी बारीक, तितका तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. खडीसाखरेचा खडा दळला की तो पाण्यात लवकर विरघळतो, याचे कारण हेच. त्यामुळे वजनाने नगण्य असणारी सूक्ष्म धूळ रसायनांचा मोठा बोजा पाठीवर वाहू शकते.

हा बोजा कशाचा असतो? त्यात पहिल्याने धातू येतात. दगडी कोळशात निसर्गतःच थोडे आर्सेनिक, म्हणजे ज्याला आपले जुने वैद्य सोमल म्हणत ते, असते. कोळसा जळला की ते राखेबरोबर उडते. भट्ट्यांत आणि जहाजांत जळणाऱ्या जड तेलात निकेल आणि व्हॅनेडियम असतात. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविणाऱ्या कारखान्यांतून शिसे येते. वाहनाचा ब्रेक लागला की तांबे आणि लोखंड यांची पूड झडते, टायर झिजला की जस्त सुटते. दिवाळीच्या आतषबाजीतील हिरवा रंग बेरियमचा आणि लाल रंग स्ट्रॉन्शियमचा असतो. आकाशातील रंग क्षणात विझतो, परंतु धातूची भुकटी त्या रात्रीच्या हवेत तरंगत राहते.

दुसरा वर्ग अर्धवट जळलेल्या पदार्थांचा. डिझेल, लाकूड, कोळसा किंवा कचरा नीट न जळता धुमसत राहिला की डांबरासारखी अनेक संयुगे तयार होतात. त्यांपैकी बेन्झोपायरीन हे सर्वांत कुप्रसिद्ध. तिसरा वर्ग हवेतच जन्म घेतो. गंधकाचा धूर, वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे वायू आणि शेतातून व जनावरांच्या मलमूत्रातून उठणारा अमोनिया यांचा संयोग होऊन क्षारांचे सूक्ष्म कण बनतात. हे कण कोणत्याही धुराड्यातून निघालेले नसतात. ते वाऱ्यावर तयार होतात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात.

यांत प्लॅस्टिकची भर पडली आहे. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अन्य देशांतील सहकाऱ्यांसह दिल्लीच्या हिवाळी हवेचा अभ्यास केला आणि २०२१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या हवेत क्लोराइडचे प्रमाण असाधारण आढळले. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळल्याने आणि काही उद्योगांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू हवेत मिसळतो, अमोनियाशी संयोग पावून कणांत उतरतो, आणि असे कण हवेतील ओल शोषून फुगतात. पहाटेचे धुके त्यामुळे अधिक दाट होते, असे त्यांना दिसून आले.

एका बंद पडलेल्या कारखान्याची साक्ष

धूळ तीच, वजनही तेच, तरी परिणाम निराळा. हे सिद्ध कसे झाले याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यात डोंगरांनी वेढलेले एक खोरे आहे. तेथे जिनीव्हा नावाचा एक मोठा पोलादाचा कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला आणि सुमारे तेरा महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. त्याच खोऱ्यातील विद्यापीठात आर्डेन पोप नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी रुग्णालयांतील नोंदी तपासल्या. कारखाना चालू असताना शाळेत जाण्याच्या वयाआधीची मुले श्वासनलिकादाह आणि दमा यांसाठी ज्या संख्येने रुग्णालयात दाखल होत, ती कारखाना बंद असतानाच्या काळापेक्षा सुमारे दुप्पट होती. १९८९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पुढील भाग अधिक विलक्षण आहे. हवेतील कण पकडण्यासाठी त्या काळात वापरलेल्या गाळण्या जपून ठेवलेल्या होत्या. काही वर्षांनी संशोधकांनी त्यांवरील धूळ पाण्यात काढून तिचे अर्क तयार केले. एक बंदच्या आधीचा, एक बंदच्या काळातील आणि एक नंतरचा. निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसांत नळीवाटे या अर्कांची सारखीच मात्रा सोडण्यात आली आणि एक दिवसाने तपासणी केली. कारखाना चालू असतानाच्या अर्कांनी फुप्फुसांत दाह उत्पन्न केला. बंदच्या काळातील अर्काने तसा दाह केला नाही. मात्रा सारखी होती, फरक होता तो धातूंच्या प्रमाणात. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धुळीचे वजन करून थांबणे पुरेसे नाही, तिची झडतीही घ्यावयास हवी, हा धडा शास्त्राला त्या खोऱ्याने शिकविला.

शरीरात काय घडते?

वायुकोशांत शिरलेल्या कणांना गिळून टाकण्यासाठी भक्षक पेशींचा बंदोबस्त असतो. कण थोडे असतील तर त्या आपले काम चोख बजावतात. परंतु लोखंड, तांबे यांसारखे धातू पेशींच्या सान्निध्यात प्राणवायूची अत्यंत उग्र रूपे उत्पन्न करतात. उघड्यावर पडलेले लोखंड जसे गंजत जाते, तशी काहीशी झीज या उग्र प्राणवायूमुळे पेशींच्या आवरणाची होते. दाह सुरू होतो आणि रोजच्या माऱ्याने तो कायमचा होऊन बसतो. दाह उत्पन्न करणारे पदार्थ रक्तात मिसळतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात. म्हणूनच दूषित हवेचे बळी केवळ दमा आणि धाप लागणे यांचेच नसतात. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा त्यांत मोठा वाटा असतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

बेन्झोपायरीनची कथा याहून जुनी आहे. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी नमूद केले की, लहानपणी धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९३३ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच डांबरातून बेन्झोपायरीन वेगळे काढले. या पदार्थाची गंमत अशी की, तो स्वतः फारसा उपद्रवी नसतो. शरीर त्याला पाण्यात विरघळवून बाहेर टाकण्याचा प्रयत्न करते, आणि त्या प्रयत्नातच त्याचे एक अतिशय क्रियाशील रूप तयार होते. हे रूप पेशीतील डीएनएला जाऊन चिकटते. तेथील लेखात चूक राहिली आणि ती दुरुस्त झाली नाही, तर कर्करोगाचे बीज पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला व तिच्यातील कणांना निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले. तंबाखूचा धूर याच वर्गात आहे.

बालकांची फुप्फुसे

मूल प्रौढापेक्षा जलद श्वास घेते, अधिक धावते, आणि त्याची फुप्फुसे अद्याप वाढत असतात. म्हणून त्याच हवेचा परिणाम त्याच्यावर अधिक होतो. कलकत्त्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतील ३६ शाळांमधील साडेअकरा हजारांहून अधिक मुलांची तपासणी केली. त्यांपैकी शेकडा ४३.५ मुलांच्या फुप्फुसांची कार्यशक्ती कमी आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण भागातील मुलांत हे प्रमाण शेकडा २५.७ होते. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांची आठ वर्षे सतत पाहणी झाली. अठराव्या वर्षी फुप्फुसांची शक्ती फारच कमी असणाऱ्या तरुणांचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या गावी शेकडा १.६, तर सर्वांत दूषित हवेच्या गावी शेकडा ७.९ भरले.

जन्मापूर्वीही सुटका नाही. बेल्जियममधील संशोधकांना २०१९ साली मातेच्या वारेत, आणि तीही गर्भाच्या बाजूस, काजळीचे कण आढळले. आईने घेतलेला श्वास बाळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, हे त्यावरून दिसून आले.

आपल्याकडेही या प्रश्नाची जाण जुनी आहे. मुंबईत धुराचा उपद्रव रोखण्यासाठी १९१२ सालीच कायदा झाला होता. त्यानंतर अनेक वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकात, के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर व खार या वस्त्यांतील रहिवाशांची ग्रामीण भागातील लोकांशी तुलना केली आणि हवेतील प्रदूषणाचा खोकला व धाप यांच्याशी असलेला संबंध दाखवून दिला. आज हा प्रश्न मुंबई-दिल्लीपुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी केलेल्या अंदाजानुसार २०१९ साली भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू दूषित हवेमुळे ओढवले. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंत हे प्रमाण शेकडा १७.८ होते. यांत घरातील चुलीच्या धुराचे बळीही समाविष्ट आहेत.

शिसे गेले, ही गोष्ट लहान नव्हे

एवढे वाचून काही वाचक निराश होतील. त्यांनी शिशाची हकीकत ध्यानात घ्यावी. इंजिनाचा खडखडाट थांबावा म्हणून १९२० नंतर पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्यास प्रारंभ झाला आणि ती रूढी जगभर पसरली. प्रत्येक मोटारीच्या नळीतून शिसे बाहेर पडू लागले. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. बालकांच्या मेंदूच्या वाढीस ते बाधक ठरते. भारतात टप्प्याटप्प्याने त्याचे प्रमाण उतरविण्यात आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. १९९७ च्या सुमारास मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी शेकडा साठांहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण त्या काळच्या धोक्याच्या मर्यादेपलीकडे होते. बंदीनंतर झालेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आले. एकतृतीयांश हे काही थोडे नव्हे; रंग, भांडी, बॅटऱ्यांचे कारखाने अशी शिशाची अन्य उगमस्थाने अद्याप आहेत. तरीही एका निर्णयाने लक्षावधी मुलांच्या रक्तातील विष उतरले. २०२१ साली अल्जीरियाने असे पेट्रोल बंद केले आणि मोटारगाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे जगभरातून हद्दपार झाले.

अशीच पुढची पावले पडली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिलेल्या आदेशानुसार दिल्लीतील सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या इंधनातील गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत पावाच्या भट्ट्यांना लाकूड व कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. कॅलिफोर्नियातील पाहणीचा पुढील भाग २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात तर अशी शुभवार्ता होती की, हवा सुधारल्यावर त्याच गावांत वाढलेल्या मुलांच्या पुढच्या पिढीची फुप्फुसे अधिक सशक्त झाली.

आकडा कसा वाचावा?

भारतात २००९ साली ठरविलेल्या मानकांनुसार सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच मर्यादा अनुक्रमे ५ आणि १५ असाव्यात असे सुचविले. आपल्या मानकांत शिसे, आर्सेनिक, निकेल आणि बेन्झोपायरीन यांच्याही मर्यादा घातल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु २०१५ पासून प्रसिद्ध होणारा दैनंदिन निर्देशांक ज्या आठ घटकांवरून काढतात, त्यांत आर्सेनिक, निकेल आणि बेन्झोपायरीन येत नाहीत. यास्तव निर्देशांक मध्यम असला, तरी शेजारच्या कोपऱ्यावर प्लॅस्टिक जळत असेल तर आपल्या गल्लीची हवा मध्यम आहे असे समजू नये. निर्देशांक २०० च्या पुढे गेला की हवा वाईट, ३०० च्या पुढे अतिशय वाईट आणि ४०० च्या पुढे गंभीर समजावी.

घरी आणि दारी

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. सर्वांत प्रथम, कचरा जाळू नये आणि जाळू देऊ नये. पानांचा ढीग, जुनी वायर, दुधाच्या पिशव्या, टायरचा तुकडा यांचा जाळ लहान दिसतो; परंतु तो आपल्या खिडकीच्या उंचीवर असतो आणि अर्धवट जळत असल्याने विषारी संयुगांनी भरलेला असतो. दूरच्या कारखान्याच्या उंच धुराड्यापेक्षा हा जवळचा जाळ आपल्या मुलांच्या श्वासात अधिक सहज उतरतो. ओला आणि सुका कचरा वेगळा दिला, तर जाळण्याचे कारणच उरत नाही.

हिवाळ्याच्या रात्री इमारतीचा पहारेकरी टायर, खोकी, प्लॅस्टिक जे हाती लागेल ते पेटवून शेकत बसतो. त्याला दटावून हा प्रश्न सुटणार नाही. थंडी त्यालाही वाजते आणि तो धूर सर्वांच्या आधी त्याच्याच छातीत जातो. रहिवाशांनी वर्गणी काढून त्याला घोंगडी, गरम कपडे आणि विजेची शेगडी दिली, तर त्याची ऊब टिकेल आणि सर्वांची हवाही राहील. वाहतुकीचे पोलीस, रस्ते झाडणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक आणि पदपथावरचे विक्रेते यांना तर खिडकी लावून घेण्याचीही सोय नसते, याचे विस्मरण होऊ नये.

घरातील धुराकडेही लक्ष द्यावे. चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या डासांच्या वेटोळ्या उदबत्त्यांची २००३ साली तपासणी झाली, तेव्हा एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. दारे-खिडक्या लावून, बाळाच्या उशाशी असे वेटोळे पेटवून ठेवणे किती घातक आहे, हे यावरून लक्षात यावे. मच्छरदाणी हा जुना उपाय आजही सर्वांत निर्धोक आहे. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी किंवा धूर ओढणारा पंखा लावावा. केर काढताना कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेणे चांगले.

फिरावयास जाणाऱ्यांनी वेळेचा विचार करावा. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि रात्रभरचा धूर तिच्यात कोंडतो. सूर्य वर येऊन हवा हलू लागली की तो विरळ होतो. म्हणून वृद्धांनी आणि हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी या दिवसांत पहाटेचा आग्रह सोडून ऊन पडल्यावर, आणि तेही मोठ्या रस्त्यापासून दूर, फिरावे. निर्देशांक अतिशय वाईट असेल त्या दिवशी शाळांनी मैदानावरील धावण्याचे खेळ पुढे ढकलावेत. दम्याचे नेहमीचे औषध हिवाळ्यात आपल्या मनाने बंद करू नये.

नाकाला रुमाल बांधल्याने मोठी धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. एन ९५ या जातीचा मुखपट चेहऱ्याला घट्ट बसला असेल तर तो शेकडा ९५ सूक्ष्म कण अडवितो. मात्र विषारी वायू त्यातूनही आत येतात. धुरात काम करणाऱ्यांनी गूळ खावा, असा एक समज प्रचलित आहे. गुळाने घशाला बरे वाटेल. परंतु वायुकोशांत जाऊन बसलेल्या कणांपर्यंत गूळ पोहोचत नाही.

हे सर्व उपाय घरापुरते झाले. ते अवश्य करावेत, परंतु तेवढ्याने भागणार नाही, हेही स्पष्ट सांगावयास हवे. पाणी प्रत्येकाला आपल्या घरापुरते गाळून घेता येते, हवा तशी वाटून घेता येत नाही. आपल्या प्रभागात कचरा कोण जाळतो, भट्टीत कोणते इंधन वापरतात, बॅटऱ्या कोठे वितळवितात आणि हवा मोजण्याचे यंत्र धातूंचीही तपासणी करते की नाही, हे प्रश्न नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारण्याचा प्रत्येक नागरिकास अधिकार आहे. पाच-दहा कुटुंबांनी मिळून लेखी अर्ज दिला, तर त्याची दखल घेणे भाग पडते. पेट्रोलमधील शिसे आपोआप गेले नाही; वैज्ञानिकांनी मोजमाप केले, नागरिकांनी आवाज उठविला, न्यायालयांनी आणि शासनाने आदेश काढले, तेव्हा ते गेले. धुळीच्या पाठीवरची इतर विषेही त्याच मार्गाने उतरविता येतील. ज्यांची फुप्फुसे अद्याप वाढत आहेत, त्यांना मात्र फार काळ थांबवून ठेवता येणार नाही.